फ्लाइट प्लॅन भरलात, पण बंद केलात का? या चुका टाळा

बारामतीला किंवा गोंदियाला विमान शिकलेली मुलं क्रॉस-कंट्रीला म्हणजे लांबच्या उड्डाणाला निघतात ती फ्लाइट प्लॅन (कुठून, कुठे, कधी जाणार याची आगाऊ दिलेली माहिती) आणि एडीसी, म्हणजे हवाई संरक्षण परवानगीचा, क्रमांक हातात घेऊनच. तीच मुलं अमेरिकेत उड्डाणाचे तास भरायला जातात, तेव्हा कळतं की व्हीएफआर उड्डाणाला, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत केलेल्या उड्डाणाला, तिथे सहसा प्लॅनची सक्ती नाही. देशाची सीमा ओलांडायची असेल किंवा वॉशिंग्टनभोवतीच्या नियंत्रित हवाई हद्दीत शिरायचं असेल तर गोष्ट वेगळी. सक्ती नाही म्हणून मग कुणी प्लॅन भरतच नाही. माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

३ सप्टेंबर २००७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट नेवाडातल्या एका रँचवरून छोट्या विमानाने निघाले. प्लॅन भरलेला नव्हता. शोधपथकांनी आठवडेच्या आठवडे वाळवंट आणि डोंगर पालथे घातले. अवशेष सापडले ते ऑक्टोबर २००८ मध्ये, कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ, तेही एका पदभ्रमण करणाऱ्याला त्यांची ओळखपत्रं मिळाली म्हणून. प्लॅनमुळे ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण घरच्यांना वर्षभर ताटकळावं लागलं, ते कदाचित टळलं असतं.

दुसरी चूक म्हणजे प्लॅन भरून तो उघडायचाच नाही. उड्डाण झाल्यावर फ्लाइट सर्व्हिसला, म्हणजे वैमानिकांना माहिती देणाऱ्या आणि प्लॅन सांभाळणाऱ्या सेवेला, रेडिओवरून कळवून, किंवा ॲपवरून, तो सुरू करावा लागतो. न उघडलेल्या प्लॅनवर तुमची वाट कुणीही बघत नसतं.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. कंट्रोल टॉवर असलेल्या विमानतळावर उतरलो म्हणजे प्लॅन आपोआप बंद झाला, असं वाटतं. आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाच्या, प्लॅनच्या बाबतीत ते खरं आहे, व्हीएफआरच्या नाही. तो तुम्हालाच फ्लाइट सर्व्हिसला १-८००-९९२-७४३३ वर फोन करून किंवा रेडिओवर बंद करावा लागतो. पोहोचण्याच्या वेळेनंतर ३० मिनिटांत काही कळलं नाही की चौकशी सुरू होते. आधी फोन, मग उतरण्याच्या विमानतळावर विचारपूस, मग वाटेतल्या विमानतळांना सूचना, आणि शेवटी सिव्हिल एअर पेट्रोल या शोधकार्य करणाऱ्या संघटनेचे स्वयंसेवक. शिकत असताना मी एकदा प्लॅन बंद करायला विसरलो आणि जेवताना फोन वाजला. “विमान सुखरूप आहे ना?” एवढंच पलीकडच्या माणसाने विचारलं. तेव्हापासून प्लॅनमध्ये मी स्वतःचा मोबाइल नंबर देतो. फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसचा देऊ नका. संध्याकाळी तिथे कुलूप असतं.

फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे कंट्रोलरने रडारवरून ठेवलेलं लक्ष, घेतलं की प्लॅन नको, हाही गैरसमज. कंट्रोलरने ‘रडार सर्व्हिस टर्मिनेटेड’ म्हटलं की ती सोबत तिथेच संपते. प्लॅनमध्ये वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा. ॲरिझोनाच्या घड्याळात ७ तास मिळवायचे. समोरचा वारा वाढला आणि उशीर होणार असेल, तर फ्लाइट सर्व्हिसला रेडिओवर १२२.२ मेगाहर्ट्झवर नवी वेळ कळवा. विमानातला ईएलटी, म्हणजे अपघात झाल्यावर संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, जुना, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल, तर उपग्रहांच्या भरवशावर राहू नका. १ फेब्रुवारी २००९ पासून ते ही फ्रिक्वेन्सी ऐकत नाहीत, ४०६ मेगाहर्ट्झ ऐकतात.

उतरायच्या जागी मोबाइलला रेंज नसेल, तर धावपट्टी दिसल्यावर, अजून उंचीवर असतानाच, फ्लाइट सर्व्हिसशी बोलून प्लॅन बंद करा. उघडलेला प्लॅन लक्षात राहावा म्हणून मी घड्याळ उजव्या मनगटावर घालतो. प्लॅन बंद झाल्याशिवाय ते डाव्या हातावर परत येत नाही.