कॅफे रेसरसाठी जुनी जपानी मोटरसायकल घेताना या चुका टाळा

कॅफे रेसर, म्हणजे वेगासाठी अनावश्यक भाग काढून हलकी केलेली, पुढे झुकून चालवायची मोटरसायकल, जन्मली १९५०-६० च्या दशकांतल्या ब्रिटनमध्ये आणि त्या गाड्याही ब्रिटिशच होत्या. तरीही आज इंग्लंड-अमेरिकेतली हौशी मंडळी १९७० च्या दशकातल्या होंडा-यामाहा शोधतात, कारण त्या प्रचंड संख्येने विकल्या गेल्या आणि त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. अर्धवट राहिलेल्या गाड्या पाहिल्या, तर बहुतेकांचे घोडे ग्राइंडर हातात येण्याआधी, खरेदीच्याच वेळी, अडलेले दिसते.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे तयार गाडीचा फोटो पाहून मॉडेल ठरवणे. टाकीचा तळ आणि सीट एका आडव्या रेषेत आली, तरच कॅफे रेसरचे रूप उठून दिसते. होंडा सीबी ५५० मध्ये ही रेषा फारशी कापाकापी न करता साधते. होंडा सीएक्स ५०० मध्ये मात्र टाकीचा उतार आणि फ्रेमचा मागचा भाग दोन्ही आड येतात आणि वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीला गाठू शकतो. शिवाय सीएक्स ५०० चा स्टेटर (वीज तयार करणारी तारांची गुंडाळी) जळला, तर तो बदलण्यासाठी अख्खे इंजिन उतरवावे लागते. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये टायमिंग चेनच्या टेन्शनरचा, म्हणजे ती साखळी ताणून धरणाऱ्या भागाचा, दोष होता. कंपनीने तो दुरुस्त केलेल्या इंजिनांवर क्रमांकाजवळ पंचाने मारलेल्या तीन खुणा असतात. त्या दिसल्या नाहीत, तर भाव ठरवताना हे काम धरूनच बोलावे.

दुसरी चूक कार्ब्युरेटरची. एअरबॉक्स (हवा गाळणारी मूळ पेटी) काढून पॉड फिल्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट बसणारा छोटा फिल्टर) लावला की थ्रॉटल अर्धा उघडताच इंजिन अडखळते, ही तक्रार सीबी ३५० ट्विनच्या मालकांकडून हमखास येते. तिचे कारण असे, की या गाडीच्या सीव्ही प्रकारच्या कार्ब्युरेटरमधली स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारी सरकती झडप) केबलने नव्हे, तर निर्वाताने वर उचलली जाते, आणि एअरबॉक्स गेल्यावर हवेच्या प्रवाहाचा तोल बिघडतो. पॉड फिल्टर लावायचेच असतील, तर थेट केबलने स्लाइड उचलणारी सीबी ५५० किंवा १९७८ पर्यंतची सीबी ७५० पाहावी. जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या) तिथेही बदलावे लागतात, पण गाडी लवकर वळणावर येते.

“फक्त कार्ब्युरेटर साफ केला की चालू होईल,” असे विकणारा म्हणाला, तर त्याने तो आजवर का साफ केला नाही, एवढे विचारावे. टाकीत टॉर्च मारून गंज पाहावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त बोलकी असते. इंजिनाच्या बाजूच्या कव्हरवरील स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने ते उघडले की त्यांच्या चौफुल्या झिजून गोल होतात, म्हणून अशा चौफुल्या दिसल्या की आत कोणा अर्धवट मेकॅनिकचा हात फिरला आहे, असे खुशाल धरावे.

कागदपत्रांशिवाय मिळणारी स्वस्त गाडी सुट्या भागांसाठीच घ्यावी. अमेरिकेत गाडीचा १७ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक १९८१ पासून प्रमाण झाला. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक आखूड असल्याने ऑनलाइन तपासणी अनेकदा चालत नाही, आणि फ्रेमवर ठोकलेला क्रमांक कागदाशी अक्षरशः जुळवून पाहणे एवढाच उपाय उरतो.

महाराष्ट्रात याच हौशीपोटी राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी ३५० चे भारतीय रूप, शोधली जाते. येथे अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी व मूळ रूपातली असावी लागते. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० ची पहिली खेप २०३३ मध्ये पन्नाशी गाठेल. तिची फ्रेम आज कापली, तर ही नोंदणी तिला तेव्हाही मिळणार नाही.