हॉटेलच्या इमारतीची देखभाल कशी तपासावी

देखभालीचे मूल्यमापन लॉबीपासून सुरू करू नये. तिथे रंग सगळेच देतात. आधी इंजिनिअरिंग विभागाची तक्रारवही मागवून मागील बारा महिन्यांच्या नोंदी खोलीनिहाय मांडाव्यात. एकाच न्हाणीघराची गळती वर्षात चार वेळा ‘दुरुस्त’ झालेली दिसली, तर ती एकदाही दुरुस्त झालेली नाही असे समजावे. तक्रार नोंदल्यापासून ती मिटेपर्यंत किती वेळ गेला, तसेच किती कामे वेळापत्रकाप्रमाणे झाली आणि किती बिघाडानंतर करावी लागली, हे प्रमाण काढावे. सर्व नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या वाटल्या, तर त्या वहीवर फार विसंबू नये.

त्यानंतर इमारत फिरून पाहावी. कोकण किनाऱ्यावरील हॉटेलांत खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून बरेच जास्त असल्यामुळे काँक्रीट आतून फुटून त्याचे पोपडे सुटतात. म्हणून गॅलऱ्यांची खालची बाजू, छज्जे आणि गच्चीवरील टाकीखालचे खांब हलक्या हातोडीने ठोकून पाहावेत. पोकळ आवाज येणाऱ्या जागी केवळ गिलावा करून रंग दिलेला असेल, तर ती दुरुस्ती नसून झाकपाक आहे. शक्य असल्यास एक फेरी मे महिन्यात आणि दुसरी जुलैत करावी, कारण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची खरी परीक्षा पाऊसच घेतो.

पावसाळ्यात बंद राहणाऱ्या खोल्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात, न्यूमोनियासारखा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिक संघटनेच्या अधिवेशनात हा आजार पसरला, त्यावरूनच हे नाव पडले. गरम पाण्याच्या टाकीचे तापमान ६० अंशांच्या आसपास राहते का, आणि रिकाम्या खोल्यांतील नळ व शॉवर दर आठवड्याला काही मिनिटे वाहते ठेवल्याची नोंद आहे का, हे पाहावे.

महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते पाहून झाल्यावर अग्निशमन पंप प्रत्यक्ष सुरू करायला लावावा, मुख्य वीजपुरवठा तोडून जनरेटर किती सेकंदांत भार उचलतो ते घड्याळ लावून मोजावे, आणि जिन्यातील दारे गाद्या-खुर्च्यांनी अडलेली नाहीत ना, हे स्वतः चालत जाऊन पाहावे.