लेनवरचं तेल बॉलवरून ओळखा

बोलिंगमध्ये फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) पहिली पिन 60 फुटांवर असते. त्यातल्या पहिल्या साधारण 40 फुटांवर तेल असतं आणि पुढची लेन कोरडी. तेलात बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. रोजच्या खेळाच्या लेनवर तेल मध्ये जाड आणि कडांना पातळ असल्याने थोडा बाहेर गेलेला बॉलही परत येतो. स्पर्धेच्या पॅटर्नवर, म्हणजे तेल पसरवण्याच्या ठरलेल्या रचनेवर, ही मदत फारच कमी मिळते.

खालचे आकडे उजव्या हाताच्या खेळाडूसाठी, बोर्ड (लेनच्या लांबीने जाणाऱ्या अरुंद फळ्या) उजवीकडून मोजलेले. डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं.

पॅटर्नची लांबी माहीत असेल तर तीतून 31 वजा करा. 41 फुटांच्या तेलावर 10 उरतात: वळण्याआधी बॉलने दहाव्या बोर्डापर्यंत बाहेर जायला हवं. 35 फुटांवर उरतात 4, म्हणजे गटरच्या कडेने खेळा. 45 वर 14, तेव्हा आतच राहा. हा सुरुवातीचा अंदाज आहे, सरावाचे बॉल तो तपासण्यासाठीच टाका.

मग पाय. बॉल ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला सरकायचं. पॉकेट (पहिली आणि 3 नंबरची पिन यांमधली जागा) सोडून डावीकडे जातोय? पाय डावीकडे. पोचतच नाही? उजवीकडे. नेम धरण्यासाठी लेनवर असलेले बाण फाउल लाइनपासून सुमारे 15 फुटांवर असतात, म्हणून लक्ष्य तेच ठेवून पाय एक बोर्ड हलवले की सरळ रेषेच्या हिशोबाने बॉल पिनपाशी तीन बोर्ड विरुद्ध दिशेला जातो. हुक, म्हणजे वळणारा बॉल, टाकताना हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही. खेळता खेळता तेल बॉलला लागून निघून जातं आणि तीच वाट कोरडी पडते. तेव्हा पाय दोन बोर्ड आणि लक्ष्य एक बोर्ड, दोन्ही डावीकडे न्या. मात्र आधी खात्री करा की बॉल हातातून नीट सुटला होता. वाईट सुटलेल्या बॉलवरून जागा बदलली की पुढचा चांगला बॉलही चुकतो. शेजारच्या दोन लेन आलटून पालटून खेळत असाल तर प्रत्येकीची जागा वेगळी लक्षात ठेवा, त्या क्वचितच सारख्या असतात.

पॉकेटमध्ये बसूनही 10 नंबरची पिन (शेवटच्या ओळीत अगदी उजवीकडची) उभी राहिली, तर तिच्या लगेच पुढच्या 6 नंबरकडे बघा. ती गटरमध्ये नुसती लोळली असेल तर बॉलमध्ये जोर उरला नव्हता. बहुधा तो लवकर वळून दमलेला असतो. अशा वेळी आत सरकून त्याला जास्त तेलातून न्या, किंवा जास्त गुळगुळीत बॉल घ्या.

बॉलचा पृष्ठभाग इथेच महत्त्वाचा ठरतो, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 500 ग्रिटने (ग्रिटचा आकडा जितका लहान तितका पृष्ठभाग खरखरीत) घासलेला बॉल लवकर पकडतो, तो लांब आणि जाड तेलासाठी. 4000 ग्रिट किंवा पॉलिश केलेला उशिरा वळतो, तो कोरड्या लेनसाठी. खरखरीत बॉल कोरड्या लेनवर अर्ध्या वाटेतच ताकद संपवतो. त्याला जोरात फेकून उपयोग नाही, बॉलच बदला. अधिकृत स्पर्धेत खेळ सुरू असताना पृष्ठभाग घासता येत नाही, म्हणून ही तयारी आधीच करा. प्रत्येक बॉलनंतर त्यावरचं तेल कोरड्या टॉवेलने पुसा.

एकट्या उरलेल्या 10 नंबरसाठी मात्र तेलाचा विचारच नको. प्लास्टिकचा बॉल घ्या, डावीकडे उभे राहा आणि मधल्या बाणावरून तिरक्या रेषेत, न वळवता टाका.