ड्रॉइंग टॅब्लेटचा पेन कितीबी दाबला तरी रेघ एकाच जाडीची? आधी हे बघा की
परवा राजहंसगडाचं चित्र काढायला बसलो तर क्रिटात (पीसीवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) तटाची रेघ सगळीकडं सारखीच जाड. लगेच बेळगावला निब आणायला पळू नका ओ, सेटिंग्जमध्ये कॉन्फिगर क्रिटा, तिथं टॅब्लेट सेटिंग्ज, विंडोजमध्ये पेनाचा दाब वाचायच्या दोन पद्धती दिसतील, विनटॅब असेल तर विंडोज इंक करा, नाहीतर उलटं, आणि क्रिटा बंद करून परत उघडा, त्याशिवाय फरक पडत नाही. तिथंच टॅब्लेट टेस्टर आहे, त्यात प्रेशरचा आकडा हलतोय म्हणजे पेन ठीक, घोळ ब्रशचा, मग एफ ५ दाबून ब्रशची सेटिंग्ज उघडायची आणि साइजखाली प्रेशरची टिक बघायची. माझ्याकडं मात्र जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर तसाच पडून होता (काढायचं मीच विसरलेलो), दोन ड्रायव्हरचं भांडण, जुना काढून पीसी रिस्टार्ट केला तेव्हा कुठं रेघ बारीक झाली.