लिलीची पानं कोण खात होतं?

पावसाळा सुरू झाला आणि कुंडीतल्या स्पायडर लिलीची पानं आठवड्याभरात बुडापर्यंत गेली. मला वाटलं, पाणी साचून कंद कुजला. एक कंद उकरून दाबून पाहिला, तर घट्ट, पांढरा, वासही नाही. म्हणजे रोग नव्हता.

रात्री टॉर्च घेऊन पाहिलं. पानांच्या बेचक्यात काळ्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या दाटीनं बसल्या होत्या! ही लिलीवरची अळी, कळलावीच्या वेलीवरही पडते. पतंग पानावर पुंजक्यानं अंडी घालतो; पिल्लं आधी पानाच्या आत शिरून गर खातात, म्हणून सुरुवातीला पान फक्त पारदर्शक दिसतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं, याची हळहळ वाटते.

हातमोजे घालून सगळ्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या, हाच खरा उपाय. पोखरलेली पानं कापली. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा द्रवरूप साबण, संध्याकाळी फवारणी, दर आठवड्याला. अळी मातीत कोष करते, त्यामुळे वरची दोन बोटं माती उकरून कोष वेचले. हे राहिलं की पुन्हा तेच.

कंद शाबूत होते, त्यामुळे तीन आठवड्यांत नवी पाती वर आली. आता रोज सकाळी पानांची मागची बाजू बघते.