वैवाहिक दावा रेंगाळत असेल तर आधी रोजनामा वाचावा

कौटुंबिक न्यायालयातील घटस्फोटाच्या दाव्याला समोरच्याचा विरोध असला की पक्षकार वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत राहतो: पुढची तारीख मिळाली. ती कोणी मागितली, का मिळाली आणि त्या दिवशी खरे तर काय व्हायचे होते, हे त्याला माहीत नसते. म्हणून सर्वांत आधी नकलेचा अर्ज देऊन संपूर्ण रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले याच्या नोंदींची, सही-शिक्क्याची नक्कल काढावी. अक्षरे आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकला की ई-कोर्ट्स अ‍ॅपवर तारखा आणि टप्पे दिसतात, पण मुदत कोणाच्या अर्जावरून मिळाली हे नीट समजायला रोजनामाच लागतो.

तीन वर्षे दावा चालवून थकलेल्या एका भगिनीचा रोजनामा मी तिच्यासमोर बसून वाचला होता. 19 तारखांपैकी 7 तारखा बेलिफाच्या, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ या एकाच शेऱ्यात गेल्या होत्या आणि 5 तारखांना ‘प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर’ एवढीच नोंद होती. त्या पाचही अर्जांवर तिच्या बाजूने लेखी हरकत एकदाही नव्हती. पुढे कोणत्याही न्यायाधीशाने तो कागद पाहिला असता, तर तिला घाई आहे असे त्यांना कशावरून कळावे?

दावा ज्या टप्प्यावर अडला असेल, त्याप्रमाणे उपाय बदलतो. समन्स बजावले जात नसेल, तर नवा पत्ता आणि नोकरीचे ठिकाण शपथपत्रावर द्यावे. समोरची व्यक्ती टाळाटाळ करत आहे हे दाखवता आले, तर घराच्या दारावर समन्स चिकटवण्याची किंवा वर्तमानपत्रातून जाहीर समन्स काढण्याची परवानगी मागावी. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, येत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे तिची मुदत 30 दिवसांची आणि फार तर 90 दिवसांची आहे, हे दाखवून दावा विना कैफियत चालवण्याचा अर्ज द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत अगदी ताठर मानलेली नाही, त्यामुळे असा आदेश पुढे रद्दही होऊ शकतो. तरीही अर्ज दिल्यावर बहुतेक वेळा कैफियत पुढच्याच तारखेला येते, आणि आपल्याला हवे असते तेच.

मुदतीच्या अर्जावर ‘हरकत आहे’ एवढे लिहून थांबू नये. संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे कारण पुरेसे नाही. हा नियमही काटेकोरपणे पाळला जातोच असे नाही, म्हणून आधीच्या तहकुब्यांच्या तारखा हरकतीत एकाखाली एक मांडाव्यात आणि मुदत द्यायचीच झाली तर खर्च बसवून द्यावी, अशी विनंती करावी. त्याच वेळी आपल्या बाजूने किती मुदती घेतल्या गेल्या, हेही स्वतःच्या वकिलांना स्पष्ट विचारावे. न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवले की सरतपासणीचे, म्हणजे आपल्या साक्षीचे, शपथपत्र तयारच असावे. माझ्या अनुभवात पुराव्याच्या टप्प्यावरचा बराचसा वेळ कागद जमवण्यातच जातो.

दावा लांबतो तेव्हा खरी झळ रोजच्या खर्चाला बसते, म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज कधीही मागे पडू देऊ नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 प्रमाणे हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली निघावा, अशी तरतूद आहे. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सांगितले. समोरच्याने ते शपथपत्र दिले नसेल, तर प्रत्येक तारखेला या निकालाची आठवण लेखी करून द्यावी. पोटगी आणि मुलांचा ताबा यांपलीकडचे किरकोळ अर्ज मात्र शक्यतो देऊ नयेत, कारण प्रत्येक अर्जावर म्हणणे, युक्तिवाद आणि आदेश यांत दोन-तीन महिने सहज जातात. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एवढे करूनही दावा हलला नाही, तर लवकर सुनावणीचा अर्ज द्यावा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 21ब प्रमाणे असा दावा नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा आहे. अर्जात याचा उल्लेख करावा आणि आजारपण, वय, लहान मुले यांसारखी आपली अडचण पुराव्यासह मांडावी. तो अर्जही पडून राहिला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात जाऊन ठरावीक मुदतीत निकाल देण्याचा निर्देश मागता येतो, आणि त्या याचिकेला जोडायचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे तारखेगणिक आपल्या हरकती नोंदलेला तोच रोजनामा.