तुटक वेळेत शिकायची असेल, तर पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कशी निवडावी?

लहान मुलांच्या आईवडिलांना मिळणारा मोकळा वेळ थोडा असतो, आणि मुख्य अडचण म्हणजे तो सलग मिळत नाही. मूल झोपल्यावर संगणक उघडावा, वीस मिनिटांत ते जागे व्हावे आणि पुढची संधी थेट तीन दिवसांनी यावी, असेच बहुधा घडते. म्हणून कोणत्या भाषेला सर्वाधिक मागणी आहे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. तीन दिवसांनी परत आल्यावर आपणच लिहिलेला कोड कोणत्या भाषेत चटकन उमगेल आणि वीस मिनिटांत काहीतरी चालताना दिसेल का, हे आधी तपासावे.

त्यासाठी प्रथम एक काम ठरवून ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘फोनमधून उतरवलेले फोटो महिन्यांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावणे’, ‘मुलीकडून पाढ्यांचा सराव करून घेणारे एक पान बनवणे’ किंवा ‘कार्यालयातील नोंदींमधून दरमहा अहवाल काढणे’ अशी ही वाक्ये असू शकतात. या तीन कामांना सोयीच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, आणि काम ठरले की निवडीचा निम्मा घोळ आपोआप मिटतो.

फोटोंसारख्या कामाला, आणि काहीच निश्चित ठरत नसेल तरीही, माझ्या मते पायथॉन घ्यावी. खिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत कंसांची आणि अर्धविरामांची गर्दी कमी असते. कोडचा कोणता भाग कशाच्या पोटात येतो, हे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरूनच ठरते, त्यामुळे खंड पडल्यानंतरही रचना नजरेत भरते. फायलींची नावे बदलणे, फोल्डर बनवणे अशा कामांचे साहित्य भाषेसोबतच मिळते. एरर समजावून सांगण्याच्या बाबतीत २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून चांगली सुधारणा झाली आहे, आणि शेजारी विचारायला कोणी नसताना रात्री शिकणाऱ्यासाठी ही बाब मोलाची आहे. पहिली संध्याकाळ इन्स्टॉल करण्यातच जाऊ नये, म्हणून पायथॉन आत घेऊनच येणारा थॉनी हा एडिटर (कोड लिहिण्याचे साधन) वापरावा किंवा ब्राउझरमध्ये चालणारे गुगल कोलॅब उघडावे. मात्र आपल्या फायली थेट हाताळायच्या असतील, तर थॉनीच बरा. शिकण्याचे साहित्य निवडताना ते पायथॉन ३ चे आहे, याची खात्री करावी. पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे आणि जुन्या धड्यांतील साध्या ओळीही आज चालत नाहीत.

पाढ्यांच्या पानासाठी मात्र जावास्क्रिप्टच योग्य, कारण ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासून असते आणि बदललेला रंग किंवा हललेले बटण लगेच डोळ्यांसमोर दिसते. ते मुलाला दाखवता येते, हा आनंदही लहान नाही. तिच्याबरोबर एचटीएमएल (पानावरचा मजकूर मांडण्यासाठी) आणि सीएसएस (त्याचे रंगरूप ठरवण्यासाठी) थोडेफार शिकावे लागते, हे गृहीत धरावे. शिवाय ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना सुमारे दहा दिवसांत तयार केला होता, आणि त्या काळच्या काही विचित्र खोडी आजही तिच्यात आहेत. मजकूर म्हणून लिहिलेल्या ५ मध्ये ३ हा आकडा मिळवला, तर पायथॉन चूक दाखवून थांबते; जावास्क्रिप्ट मात्र मुकाट्याने ५३ असे उत्तर देते. थकलेल्या डोळ्यांना अशी चूक सापडायला वेळ लागतो.

अहवालांसाठी, नोंदी डेटाबेसमध्ये (तक्त्यांच्या रूपात साठवलेल्या) असतील तर, अशा नोंदींतून हवी ती माहिती काढणारी एसक्यूएल ही भाषा पुरेशी ठरते, कारण तिच्यातील दोन-चार ओळींची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्नसुद्धा स्वतंत्रपणे उपयोगी पडतो. सी आणि जावा या उत्तम भाषा आहेत, परंतु पहिले उपयुक्त फळ मिळेपर्यंत त्या अधिक सलग वेळ मागतात. नोकरीची तशी ठाम अट नसेल तर त्या नंतर शिकाव्यात. आठ वर्षांपुढच्या मुलासोबत बसायचे असेल, तर ठोकळे जुळवून चालणारी स्क्रॅच सुंदर आहे. तिला मुलासोबतचा वेळ म्हणून वेगळे ठेवावे.

दोन भाषांमध्ये मन अडकलेच, तर प्रत्येकीत एकच छोटे काम करून पाहावे: एक संख्या घेऊन तिचा पाढा छापणे. मग मुद्दाम चार दिवस त्याकडे फिरकू नये आणि पाचव्या दिवशी तोच पाढा उलट्या क्रमाने छापण्याचा प्रयत्न करावा. ज्या भाषेत हा बदल धडा पुन्हा न वाचता जमला, ती घ्यावी. त्यानंतर दर बैठकीच्या शेवटी, उठण्यापूर्वी, कोडमध्येच मराठीतून एक टीप लिहावी: काय चालते आहे, काय अडले आहे आणि पुढची ओळ कोणती लिहायची आहे. ठरवलेले पहिले काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या भाषेचे धडे उघडू नयेत.